कालव्यापलीकडचा माणूस

माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद होतं. त्यात मी एक माणूस जास्तीचा उभा केला. करंगळीच्या एका पेराएवढा, शिशाचा. ज्यांना सांगणं भाग पडलं त्यांच्याखेरीज त्याच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही, आणि लिहायचं ठरवल्यापासून चार वेळा कागद फाडून झाले आहेत.

तेव्हा मी भिंगारला राहायचो आणि छावणीतल्या एका लष्करी खात्यात पेंटर होतो. पेंटर म्हटलं की लोकांना चित्रकार वाटतो. माझं काम म्हणजे बराकींच्या दारांवर नंबर टाकणं, आगीच्या बादल्या लाल करणं आणि कुणी मोठा साहेब येणार असला की रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासणं. ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षांत वरचा नंबर काढलेल्या माणसाला दगड पांढरे करायला लावले तर त्याचं डोकं कितपत ठिकाणावर राहील? माझं राहत नसे. मी सगळ्यांवर खेकसायचो. नोकरी टेंपररी होती, त्यामुळे साहेबलोकांवर मनातल्या मनात आणि बाकीच्यांवर तोंडावर.

नाताळात आमच्या चर्चमध्ये गोठ्याचा देखावा मांडायचे, तो मात्र मी जीव ओतून करायचो. वीतभर गोठा, अंगठ्याएवढ्या मेंढ्या. मेंढीच्या अंगावर कापूस चिकटवला की ती फुगीर, खोटी दिसते. म्हणून मी खऱ्या मेंढीची लोकर कात्रीने पिठासारखी बारीक कातरायचो आणि खळ लावून वर शिंपडायचो. पोटाखाली चिखलाचे शिंतोडेसुद्धा काढायचो. पाद्रीसाहेब म्हणायचे, अरे, बेथलेहेमच्या मेंढ्या आहेत, एवढ्या मळक्या कशाला? मी म्हणायचो, मेंढी कधी स्वच्छ असते का?

या मळक्या मेंढ्यांमुळेच मला मेजरांचं बोलावणं आलं. एकाहत्तरच्या डिसेंबरातलं युद्ध नुकतंच संपलं होतं. त्यात पश्चिमेकडच्या सरहद्दीवर लढलेली एक पलटण छावणीत परत आली होती आणि मेजर त्या पलटणीचे होते. डाव्या हाताची दोन बोटं भाजून आखडलेली. आमच्याकडचे नव्हते, हिंदीत बोलायचे, तेही मोजकं. एका कालव्याच्या काठी त्यांची लढाई झाली होती. तिचं मॉडेल त्यांना हवं होतं. वाळू पसरून, खडूच्या रेघा ओढून शिकवणीसाठी करतात तसलं नको; कायमचं, बघणाऱ्याला ती जागा दिसेल असं. पलटणीचा वार्षिक दिवस दसऱ्यानंतर होता. तोपर्यंत ते तयार व्हायला हवं होतं.

त्यांनी मला एक रिकामी बराक दिली, सुताराकडून टेबल करून दिलं आणि एक नियम सांगितला. ती लढाई लढलेली माणसं पाळीपाळीने येऊन मला सांगणार, कोण कुठे होतं. दोघांनी एकच जागा सांगितली तरच तिथे माणूस उभा करायचा. जो पडला त्याच्या जागी माणूस नाही, लाल डोक्याची टाचणी. "और जो किसी को दिखा नहीं, वो टेबल पे नहीं," मेजर म्हणाले. मी मान डोलावली. नियम मला आवडलाही होता. खोटं काम मला खपत नसे, असं मी तेव्हा स्वतःबद्दल समजून होतो.

सहा महिने मी त्या बराकीत होतो. शिशाची माणसं वर्कशॉपमधला एक म्हातारा मिस्त्री प्लॅस्टरच्या साच्यात ओतून द्यायचा. ती जमिनीच्या मापाची नव्हती, आणि हे सांगून ठेवायला हवं. टेबलावरची एक वीत म्हणजे खरा एक फर्लांग, मैलाचा आठवा भाग. त्या हिशेबाने माणूस केला असता तर मुंगीएवढा झाला असता. म्हणून माणसं दहापट मोठी केलेली. बघणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. आलं तर आमचं काम फसलं म्हणायचं.

एवढ्या लहान माणसाला डोळे काढायचे नसतात. काढले की तो दचकलेल्या बाहुलीसारखा दिसतो. भुवईखाली एक सावली टाकायची, बघणारा डोळे आपले आपण बघतो. कपड्यांना आधी फिकट रंग द्यायचा, मग काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा. तो चुण्यांमध्ये जाऊन बसतो. तो वाळला की ब्रशला किंचित रंग लावून फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि नुसत्या उंचवट्यांवरून फिरवायचा. खांदा, गुडघा, कोपर. तेवढ्याने शिशाचा तुकडा घामेजलेला, थकलेला माणूस होतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी बराकीत एकटाच मोठ्याने हसलो होतो.

पण माझा खरा जीव जमिनीत होता. भिंगारच्या नाल्यातला वाळलेला गाळ आणून मलमलच्या फडक्यातून तीनदा चाळायचो, सरसात कालवायचो आणि सुरीने थापायचो. काठावरचं उंच गवत जुन्या केरसुणीच्या शेंड्यांचं केलं. झाडं घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीची, वर रंगवलेला भुसा. जळालेल्या जागेवर कंदिलाची काजळी बोटाने. कालव्याचं पाणी व्हार्निशचं, एकावर एक वीसेक हात, प्रत्येक हात वाळायला एक दिवस. बाहेर त्या वर्षी पाऊस नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, माणसं गावं सोडून खडी फोडायला रस्त्यांवर बसली होती, आणि मी आत बसून चिखल ओला दिसावा म्हणून जिवाचं रान करत होतो. आमच्या शिपायाने एकदा माझी नजर चुकवून कालव्यात बोट घालून पाहिलं. पाणी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा इतका उतरला की मला त्याच्यावर ओरडणंसुद्धा सुचलं नाही. नंतर ओरडलो. त्याचं बोट व्हार्निशमध्ये उमटलं होतं.

कालव्याच्या अलीकडे बांध होता. तिथे नऊ लाल टाचण्या लागल्या. सांगायला आलेली माणसं त्या बांधापाशी आली की आवाज खाली करायची. एक जण मात्र कुठेच बसेना. मिरजगावकडचा होता, आपल्याच जिल्ह्यातला. त्याला बांधावर चढताना दोघातिघांनी पाहिलं होतं. मग तोफांचा मारा झाला, धूर झाला, आणि धूर हटल्यावर तो नव्हता. प्रेत नाही, बूट नाही, काही नाही. कागदावर तो बेपत्ता होता. मेजर बांधावरच्या त्या जागेकडे बघत म्हणाले, ना माणूस, ना टाचणी. जागा मोकळी ठेवा.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

कालव्याच्या पलीकडे, टेबलाच्या डाव्या टोकाला, एक चिखलाचा चढ होता. त्यावर मी अकरा दिवस घालवले होते. खाली गर्द ओला, वर चढत जाईल तसा सुकत, भेगाळत गेलेला. नदीकाठ बघितलेल्या माणसाला तो चिखल पायाला लागेल असा झाला होता. आणि तिकडे कुणी बघणारच नव्हतं. लढाई सगळी अलीकडे. माणसं अलीकडे, रणगाडे अलीकडे, टाचण्या अलीकडे. डोळा तिथेच अडकणार आणि माझा चढ आंधळ्यापुढे मांडलेल्या आरशासारखा पडून राहणार. मेजरांनी शेवटची तपासणी करून "ठीक है" म्हटलं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. माझ्याकडे मिस्त्रीने दिलेला एक फसलेला नग उरला होता. ओतताना त्याची बंदूक तुटली होती, त्यामुळे तो नुसताच, रिकाम्या हातांनी चालणारा माणूस दिसत होता, डावा खांदा जरा उतरलेला.

तो मी त्या चढावर उभा केला. पाठ आपल्याकडे, वर चढत चाललेला. टेबलाची मागची लांब बाजू भिंतीला लागून होती, त्याचं तोंड भिंतीकडे राहणार, म्हणून मी नुसती पाठ रंगवली. जे दिसणार नाही ते रंगवायचं नाही ही आमच्या कामातली साधी रीत. पाण्याच्या कडेपासून त्याच्या पायांपर्यंत काडीपेटीच्या काडीने पावलं उमटवली आणि प्रत्येक पावलात व्हार्निशचा एकेक थेंब सोडला. लांब उभं राहून पाहिलं. डोळा आता बरोब्बर अलीकडच्या धुरातून निघून, पाणी ओलांडून, चढावरून वर जात होता. चित्र पुरं झालं होतं. एवढंच माझ्या मनात होतं. तो कोण, हा प्रश्न मला शिवलासुद्धा नाही.

कार्यक्रमाला पडलेल्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. मिरजगावकडच्याचं कुणी येईल असं वाटलं नव्हतं, पण त्याचा बाप आला, आणि बायको. बाप साठीचा, पागोटं नवं बांधलेलं, धोतराचा सोगा हातात धरून चालत होता. बायको बावीस-तेवीसची. कपाळावर कुंकू. बाकीच्या बायकांमध्ये ती तेवढी एकच कुंकवाची होती, आणि तिला ते कळत होतं, कारण ती सारखी पदर पुढे ओढत होती.

मी टेबलापाशी हातात काठी घेऊन उभा होतो, कुणी हात लावू नये म्हणून. त्यामुळे म्हातारा मेजरांशी काय बोलला ते माझ्या कानांवर पडलं. शिपाई मध्ये उभा राहून हिंदी करत होता.

"सायेब, जित्ता हाय का न्हाई, येवढं येकच सांगा," म्हातारा म्हणाला. "माजं काय न्हाई, माजं झालं. पर ही पोर हाय. आमच्यात पाट लागतो. तिच्या भावानं येक ठिकान बगितलंय. पर ती म्हनती, कागदावर मेलं म्हनून लिवलंय का? मग मी कशी काय पाट लावू? तुमी तितं हुता. तुमच्या तोंडनं सांगा, म्हंजी ती आयकंल."

मेजरांनी आपल्या आखडलेल्या बोटांवर दुसरा हात ठेवला. मग ते सावकाश म्हणाले की मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या जागेवर जे पडलं त्यातून कुणी वाचणं शक्य नाही. मुलीचं आयुष्य अडवू नका. म्हाताऱ्याने शिपायाकडून ते दोनदा वदवून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाला, "बास. ह्येच पायजे हुतं." त्याचा चेहरा मी नीट पाहिला. मला तो सुटल्यासारखा वाटला.

बायकांना टेबलाच्या डाव्या टोकाला उभं केलं होतं. पुढची जागा साहेबांच्या मंडळींची. म्हणजे बाकी सगळे रणगाडे बघत होते आणि ती एकटी माझ्या चिखलाच्या चढाशी, हातभर अंतरावर. ज्या जागी बघावं म्हणून मी एवढा आटापिटा केला होता तिथेच ती बघत होती. मला, देवा, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

"ह्यो कोन हाय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, हात लावू नका.

"न्हाई लावत. हितनं तितं किती पडतं?"

मी काठीने वीत दाखवली आणि म्हणालो, एवढ्याला एक फर्लांग. तिने हात न टेकवता, हवेतच, बांधापासून त्या माणसापर्यंत विती मोजल्या. दोन. मग ती वाकली आणि ओठ हलवत पावलं मोजू लागली. तेवढ्यात दारात गडबड झाली. सगळ्यात मोठे साहेब आत येत होते. बायकांना मागे सारा, अशी मला खूण झाली. आणि माझ्या डोक्यात एकदम वीज चमकावी तसं आलं: मेजर इकडे आले, त्यांनी हा माणूस पाहिला, तर टेंपररी नोकरी तिथल्या तिथे गेली.

"आमचं मानूस असंल का ह्ये?" तिने विचारलं. अगदी हळू.

"असेल, असेल," मी म्हणालो. "मागे सरका."

आपण हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरतो. तिकडे पाऊस आहे का? असेल. तो घरी आहे का? असेल. ब्याद टाळायची, समोरच्याला वाटेला लावायचं, म्हणून वापरतो. मी तसाच वापरला. ती मागे सरकली. तिने पदर डोक्यावरून थोडा मागे घेतला, इतका की तिचं कुंकू दिसू लागलं. मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही; मोठे साहेब आले होते. त्यांनी त्या जास्तीच्या माणसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मेजरांनीही नाही. पुढे दीड-दोन महिन्यांत मेजरांची बदली झाली.

म्हातारा पुन्हा आला तो पुढच्या उन्हाळ्यात. एकटाच. छावणीच्या फाटकावर त्याला दोन तास बसवून ठेवलं होतं. मेजर नाहीत म्हटल्यावर त्याने पेंटरला भेटायचं आहे असं सांगितलं. मी बाहेर आलो तर तो लिंबाच्या झाडाखाली उकिडवा बसलेला, नवं पागोटं आता मातीच्या रंगाचं झालं होतं.

"तुमीच का त्ये?" तो म्हणाला. "सूनबाई म्हनती, पेंटरनं सांगितलं, मानूस पलीकडं गेलाय."

मला काही आठवेना. खरंच आठवेना, आणि हे लिहिताना त्याचीच जास्त शरम वाटते. मग तो सांगत गेला. ती म्हणते की सैन्याने आपल्या टेबलावर त्याला दाखवलाय. बांधावरून उतरून, पाणी ओलांडून, दोन फर्लांग चालत गेला. हातात बंदूक नव्हती, म्हणजे लढून झालं होतं त्याचं. डावा खांदा असाच पाडून चालायचा तो. बाहेरच्याला हे कळणार कसं, कुणी बघितल्याशिवाय? पेंटरही म्हणाला, असेल. मोठ्या साहेबासमोर म्हणाला. वर्षाच्या शेवटी कैद्यांची अदलाबदल झाली. तेव्हा रोज ती गावात रेडिओ होता त्या दुकानापुढे जाऊन उभी राहायची. नावं संपली, त्यात हे नाव नव्हतं, तरी ती म्हणाली, कैद झालेच नसतील. चालत गेलेत, कुठल्या तरी गावात असतील, डोक्याला मार लागून विसरले असतील. भावाने बघितलेलं ठिकाण मोडलं. आता दुसरं आलंय, बिजवर आहे पण माणूस चांगला, प्रवरेच्या बागायती पट्ट्यातला. ते लोक आखाडापर्यंत थांबणार, त्यापुढे नाही.

"तिचं भाऊ म्हनत्यात, आता आमी हात धुतलं," म्हातारा म्हणाला. "मी हाय तवर हाय. मी गेल्यावर हिला कोन? तुमी येवढं करा. गावाला या, आनि तिला सांगा. माजं न्हाई आयकत ती. तुमचं आयकंल."

मी त्याला नियम मोडल्याचं सांगितलं, तिथेच, लिंबाखाली. मी एक रिकामी जागा भरली, तुमचा मुलगा तिथे नव्हता, कुणीच नव्हतं. त्याने शांतपणे ऐकलं. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "ह्येच तिला सांगा," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी मी बराकीत गेलो. मॉडेलवर आता पांढरी चादर टाकलेली असायची. मी चादर उचलली आणि सुरीच्या टोकाने तो माणूस उपटून काढला. पायाखालची तार सहज निघाली. पावलं निघेनात, ती सरसात आणि व्हार्निशमध्ये गेली होती, ती काढायची तर अख्खा चढ खरवडावा लागला असता. तेवढं माझ्याच्याने झालं नाही. तो माणूस तिथे उभा राहिला तेव्हा साहेबलोकांपैकी कुणाला दिसला नाही, आणि गेला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

रविवारी मी एसटीने मिरजगावला गेलो. चर्च बुडवून गेलो. म्हातारा स्टँडवर होता. ती गावाबाहेर दुष्काळी कामावर होती, रस्त्याकडेला बायकांची रांग, डोळ्यांवर सावली म्हणून समोर गोणपाट टांगलेलं, आणि खडीचे ढीग. तिने मला लगेच ओळखलं. उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिला वाटलं, मी बातमी घेऊन आलोय.

मी काही बोलण्याआधी खिशातून तो माणूस काढून तिच्या हातावर ठेवला. येताना ठरवलं होतं, तो दाखवला की शिशाचा तुकडा आहे हे तिला कळेल. तिचे हात खडीने फुटलेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने तो तळहातावर आडवा घेतला, पाठीकडून, आणि उतरलेल्या खांद्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग उलटा केला.

पुढची बाजू जशी साच्यातून निघाली तशीच होती. करडं, खडबडीत शिसं.

"ह्यास्नी तोंड न्हाई," ती म्हणाली.

"ती बाजू दिसणार नव्हती. म्हणून केली नाही," मी म्हणालो. "तिथे कुणीच नव्हतं, बाई. जागा रिकामी दिसत होती म्हणून मी हा ठेवला. साहेबांनी नको सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मग तुमी असंल म्हनला, ते?"

आजूबाजूचे हातोडे थांबले होते. म्हातारा जमिनीकडे बघत होता. मला गुळमुळीत काहीतरी बोलता आलं असतं. आयुष्यभर तेच करत आलो होतो.

"मोठे साहेब येत होते," मी म्हणालो. "तुम्ही बाजूला व्हावं म्हणून म्हणालो."

"येवढंच?"

"एवढंच."

तिने तो फेकला नाही. मी खरं तर त्याची वाट बघत होतो. तिने तो माझ्या हातात परत दिला, नीट, दोन्ही हातांनी. मग खाली बसली, पदराच्या टोकाने घाम पुसावा तसं कपाळ पुसलं, एकदा, आणि कुंकू गेलं. शेजारच्या एका म्हातारीने तोंडात पदर कोंबला. ती मात्र रडली नाही. हातोडा उचलून तिने पुढचा दगड फोडायला घेतला आणि मी तिथे उभा आहे हे तिच्या लेखी संपलं.

आखाडाच्या आत तिचा पाट लागला. प्रवरेकाठी, कोल्हारच्या बाजूला नांदायला गेली. हे मला पुढे मिरजगावहून येणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. पुढे तिला मुलगी झाली असंही तो म्हणाला. म्हणजे ज्यासाठी गेलो होतो ते काम झालं.

त्या रविवारी म्हातारा मला स्टँडवर सोडायला आला. वाटेत त्याने मला एका विहिरीचा कोरडा तळ दाखवला, कुणाचं शेत कुठे ते सांगितलं. मुलाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, मोकळा झाला बिचारा. स्टँडवर सावली नव्हती. आम्ही एका भिंतीच्या कडेला उभे राहिलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला:

"पेंटरसायेब, तितं पावलं हुती म्हनं. सूनबाईनं मोजली हुती. येकोनीस."

"होती," मी म्हणालो.

"मानूस तुमी ठिवला, त्ये समजलं. पर पावलं? पानी वलांडून कुनी तरी गेलंच असंल की. उगं पावलं कशी उमटत्याल?"

मी त्याच्याकडे पाहिलं. साठीचा माणूस, वर्षभर सुनेला समजावत फिरलेला, मेजरांकडून दोनदा वदवून घेतलेला. ती रोज त्याच्याशी भांडत होती, जिवंत आहेत म्हणून, आणि तो रोज नाही म्हणत होता. मला तेव्हाही काही कळलं नाही. मला वाटलं, आता कुठलीही शंका ठेवायची नाही. आधीच एकदा अर्धवट बोलून एवढं झालंय. या वेळी शब्द नीट निवडायचे.

"ती पावलं मी काडीपेटीच्या काडीने काढली, बाबा," मी म्हणालो. "तिकडे कुणी गेलं नाही. तुमचा मुलगा अलीकडेच, बांधावर गेला. धुरात. पलीकडे पोचलाच नाही."

मी हे अगदी स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून बोललो. तो भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि पागोटं काढून मांडीवर घेतलं. डोक्यावरचे पांढरे केस घामाने चिकटलेले होते. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तो त्याने बाजूला केला.

"म्या तुमाला तिला सांगा म्हनलं हुतं," तो म्हणाला. "मला कुटं सांगा म्हनलं हुतं?"

एसटी आली. मी चढलो, आणि तो कसाबसा उठला आणि माझी खाली राहिलेली पिशवी त्याने खिडकीतून वर दिली.